एकाच बुधवारचे दोन दगड

रायपुरात तात्यापारा चौकातल्या रिक्षावाल्याला त्या बँकेचं कागदावरचं नाव सांगा, तो डोकं खाजवत बसेल. ‘दो पाटी वाली बैंक’ म्हणा, पुढचा शब्द ऐकायच्या आत हँडल वळलेलं असेल. कागदावरचं नाव आजवर दोनदा बदललं. आधी ती गावातली छोटी सहकारी बँक होती, मग दुसरीत मिसळली, मग त्या दुसरीसकट तिसरीत. दारावरचे फलक बदलले, रंग बदलले. दाराच्या दोन्ही बाजूंच्या खांबांत बसवलेले दोन दगड मात्र जागचे हलले नाहीत. डावीकडचा मराठी, उजवीकडचा हिंदी.

हे दगड माया एकोणचाळीस वर्षं पुसत आली.

खरं म्हणजे ते तिचं काम नव्हतं. ती दफ्तरी होती. कागद लावणं, काढणं, शोधून देणं, हे तिचं काम. पण तिचे वडील धर्मपाल याच बँकेत चपराशी होते आणि रोज सकाळी दार उघडण्याआधी ओल्या फडक्याने दोन्ही दगड पुसायचे. त्यातही त्यांचा एक नेम होता. आज आधी मराठी दगड, तर उद्या आधी हिंदी. कोणी विचारलं की म्हणायचे, “दोन लेकरं असली का रोज एकालेच पहिले जेवू घालता का?”

वडील नोकरीत असतानाच गेले आणि चौऱ्याऐंशी साली एकवीस वर्षांची माया त्यांच्या जागी लागली. फडकं वारशात आलं, नेमासकट; दोन लेकरांची ती गोष्ट पुढे तिच्या घरात सगळ्यांना पाठ झाली.

इमारतीची गोष्ट तिला दत्तोपंतांनी सांगितली. दत्तोपंत बँकेचे सर्वांत जुने कारकून. ही बँक काढली ती रेल्वेतल्या आणि कचेऱ्यांतल्या मराठी नोकरदारांनी, आणि गावातल्या हिंदी-छत्तीसगढी दुकानदारांनी मिळून. मध्य प्रांताची राजधानी तेव्हा नागपूरला. इमारत उभी राहिली आणि भांडण लागलं ते दारावरच्या शिलालेखावरून. वर कोणाची भाषा, खाली कोणाची? तीन सभा झाल्या. तिसऱ्या सभेत एक जण कंटाळून म्हणाला, “दाराला खांब किती? दोन. मग भांडता कशाला?” झालं. एकाच पाथरवटाकडून एकाच मापाचे दोन दगड घडवून घेतले. तेव्हापासून नियमच पडला. बँकेतली प्रत्येक सूचना, प्रत्येक अर्ज दोन्ही भाषांत. आणि मोठ्या खोलीत एक काळा फळा, मधोमध पांढरी रेघ. रोज सकाळी फळ्यावर तिथी-वार लिहायचा. डाव्या अंगाला मराठी पंचांगाप्रमाणे, उजव्या अंगाला हिंदी पंचांगाप्रमाणे.

“आणि तिजोरी?” दत्तोपंत रंगात येऊन सांगायचे. “तिजोरी आली कलकत्त्याहून. स्टेशनवरून बैलगाडीत घालून आणली, तर दारातून आत जाईना! खांब फोडायचे, तर त्यात नुकतेच दगड बसवलेले. पुन्हा सभा. शेवटी गल्लीकडच्या भिंतीत मोठं दार पाडलं आणि तिथून घेतली आत.” ते दार पुढे दफ्तराच्या कपाटांमागे गेलं. त्याच्या कड्या-बिजागऱ्यांवरची धूळ झटकणारी माया एकटीच, त्यामुळे ते तिथे आहे हे माहीत असणारीही बहुधा ती एकटीच उरली.

फळा तिच्याकडे आला तो दत्तोपंतांना मोतीबिंदू झाला म्हणून. पहिला पंधरवडा सुरळीत गेला. मग श्रावणातली पौर्णिमा उलटली. एक दिवस ती सुट्टीवर होती, तेवढ्यापुरता फळा दत्तोपंतांनी लिहिला. दुसऱ्या दिवशी ती येऊन बघते तो डावीकडे श्रावण आणि उजवीकडे भाद्रपद. म्हाताऱ्याला दिसत नाही, बिचारा चुकला, असं तिला वाटलं. त्यांना लाज वाटू नये म्हणून तिने गुपचूप उजवी बाजू पुसली आणि तिकडेही सावन लिहिला. बारा-तेरा दिवस दोन्हीकडे सावन. रोज तिथी तेवढी बदलायची.

अवसेच्या दोन दिवस आधी अभनपुरकडचा एक शेतकरी आला. लेकरांसाठी मातीचे बैल घ्यायला शहरात आलेला. फळ्यापुढे थबकला.

“दीदी, पोरा त परनदिन हे,” तो म्हणाला. “तोर पाटी म अभी ले सावन काबर हे?”

परवा पोरा, म्हणजे पोळा, आणि फळ्यावर अजून सावनच कसा? सगळी खोली हसली. रांगेतले एक गृहस्थ तर मोठ्याने म्हणाले, “अब पंचांग ये लिखेगी, तो यही होगा.” ‘ये’ वर जो जोर होता, तो मायाला नीट कळला. धर्मपालच्या घरात बुद्धवंदना होते, तिथी पाळत नाहीत, हे बँकेत कोणाला माहीत नव्हतं?

दत्तोपंत चष्मा कपाळावर ढकलून उठले. “फळा बँकेचा, खडू बँकेचा,” ते त्या गृहस्थांना म्हणाले, “आणि चूक झाली तर तीही बँकेचीच. तुमच्या खिशातून काय गेलं?”

मग तिला बाजूला बसवून त्यांनी समजावलं. शुक्ल पक्षात दोन्ही पंचांगं हातात हात घालून चालतात. पौर्णिमा झाली की हिंदी पंचांग लगेच पुढच्या महिन्याचं नाव लावतं. मराठी पंचांग मात्र अवसेपर्यंत जुनाच महिना चालवतं. म्हणून वद्य पंधरवड्यात दिवस एक, तिथी एक, आणि महिन्यांची नावं दोन.

“आपला पोळा श्रावणातल्या अवसेचा. यांचा पोरा भादोतल्या अवसेचा,” दत्तोपंत म्हणाले. “बैलाला जाऊन विचार. त्याला शिंगं एकदाच रंगवल्याचं आठवेल.”

त्या दिवसानंतर मायाचा फळा एकदाही चुकला नाही. तिने दोन पंचांगं शेजारी शेजारी ठेवली आणि एखादी पोर पाढे पाठ करते तशी ती पाठ केली. अधिक महिना कुठे शिरतो, तिथी कधी गळते, कधी दोनदा येते, सगळं. घरी नवरा बुद्धभूषण चिडवायचा, “पाळायचं काहीच नाही, अन् पाठ सारंच!” ती म्हणायची, “पाळणारे चुकले त चालते. लिहिणारीनं चुकू नाही.” बँका मिसळल्या, साहेब बदलले, भिंतीवर टीव्ही आला. फळा लिहू नको असं तिला कोणीच सांगितलं नाही, म्हणून ती निवृत्तीच्या दिवसापर्यंत लिहीत राहिली. कित्येक घरांची श्राद्धं, बारशी, मुहूर्त त्या फळ्यावरून ठरले. ‘ये’ म्हणणारे गृहस्थही पुढे मुलीच्या लग्नाची तिथी तिलाच विचारून गेले. तिने सांगितली, आणि चहाही पाजला.

निवृत्त होऊन तिला दोन वर्षं झाली आणि तिची मुलगी नीलिमा त्याच इमारतीच्या कामावर लागली.

नीलिमा वास्तुरचना शिकली. जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या अनिमेष सरांच्या ऑफिसात सहा महिन्यांच्या बोलीवर होती. पुढच्या महिन्यात पक्की करणार की नाही ते ठरायचं होतं. मायाचा जीव रोज तिच्या स्कूटीमागे धावायचा. बीरगांवच्या घरून शहरात जाताना उरल्याच्या कारखान्यांचे ट्रक अंगावर येतात. हेल्मेटचा पट्टा लावला का, डबा खाल्ला का, पोहोचल्याचा मेसेज का नाही आला. नीलिमा मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची, “पहुँच गई आई, जिंदा हूँ.”

बँकेला दारात रॅम्प हवा होता. म्हातारी माणसं, चाकाच्या खुर्चीतली माणसं पायऱ्या कशी चढणार? मायाला ते पटलंच होतं. तिने स्वतः किती जणांना दंडाला धरून चढवलं होतं. पण दार अरुंद. रुंद करायचं तर एक खांब जाणार, आणि खांबाबरोबर त्यातला दगडही. तो दगड इतका आत बसवलेला की अखंड निघणार नव्हता. कोणता खांब काढायचा, हे इमारतीचा इतिहास पाहून सांगायचं काम नीलिमाकडे आलं. तिचा पहिला अहवाल.

रविवारी दुपारी तिने तो आईला दाखवला. लॅपटॉप ओट्यावर, शेजारी कांदे चिरलेले. “पढ़ो ना आई. सर ने कहा बहुत अच्छा है. शुक्रवार को बैंक ने मंजूर भी कर दिया.”

माया चष्मा लावून वाचू लागली. सभांची गोष्ट होती, तिजोरीची एक ओळ होती, वाचताना तिला दत्तोपंतांचा आवाज ऐकू येत होता. मग शेवटचं पान आलं. मराठी दगडावर ‘माघ वद्य पंचमी, शके १८६१, बुधवार’. हिंदी दगडावर ‘फाल्गुन कृष्ण पंचमी, संवत् १९९६, बुधवार’. उद्घाटन एक, पण महिने दोन. नीलिमाने सभेच्या जुन्या नोंदीतून इंग्रजी तारीख शोधली होती आणि ती पंचांगाच्या संकेतस्थळावर घालून पाहिली होती. फाल्गुन निघाला. निष्कर्ष: मराठी दगडावर महिना चुकीचा कोरला आहे, त्यामुळे त्याचं ऐतिहासिक मोल कमी. तो खांब काढावा. दगडाचा फोटो आत लावावा.

मायाने ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

पोरीचं तरी काय चुकलं? संकेतस्थळ हिंदी पंचांगाचं. आणि घरात तिने आयुष्यभर तिथी ऐकल्या त्या फक्त पौर्णिमा. बुद्धपौर्णिमा, आषाढी पौर्णिमा. पौर्णिमेपर्यंत दोन्ही बाजू सारख्याच असतात. फरक त्यापुढच्या अंधाऱ्या पंधरवड्यातला, आणि तो फरक माया रोज सकाळी लिहायची, पण बँकेत. घरी कधी बोललीच नाही. एकोणचाळीस वर्षं साऱ्या गावाला सांगितलं आणि पोटच्या पोरीला सांगायचं राहिलं.

“कैसा है?” नीलिमाने विचारलं.

“चांगलं लिहिलं,” माया म्हणाली. “कधी तोडून राहिले?”

“मंगल को. सुबह.”

सांगावं तर पोरीचा पहिला अहवाल खोटा पडतो, तोही पक्की होण्याच्या महिनाभर आधी. न सांगावं तर दगड जातो. त्या दिवशी चहात साखर पडली नाही आणि भाजीत मीठ दोनदा पडलं. बुद्धभूषण सिलतऱ्याच्या कारखान्यातून आला, पहिला घास घेऊन म्हणाला, “आज समुद्र शिजवला का वो?” ती हसलीसुद्धा नाही.

सोमवारी नीलिमा ऑफिसला गेल्यावर माया ऑटो करून एकटीच बँकेवर गेली. मराठी दगडावर गेरूची मोठी फुली होती. तिने पदराचं टोक उचललं आणि पुन्हा सोडून दिलं. आत मॅनेजर लोकेश साहू काचेमागे बसले होते. तिच्या शेवटच्या वर्षी बदलून आलेला, भला माणूस. त्याला जाऊन सांगता आलं असतं. पण तो पहिला प्रश्न विचारणार, रिपोर्ट तो आपकी बेटी का है ना? पाणी पिऊन ती परत आली.

घरी येऊन बसली तेव्हा तिला त्या शेतकऱ्याची आठवण झाली. तो त्या दिवशी काही न बोलता निघून गेला असता तर? ती आणखी किती वर्षं चुकीचं लिहीत राहिली असती? आणि दत्तोपंतांची बाजू राखायला म्हणून तिने जे गुपचूप पुसलं होतं, त्यातूनच तर सगळं झालं होतं. आताही ती तेच करत होती. गुपचूप, मायेपोटी, आणि चूक.

संध्याकाळी नीलिमाने हेल्मेट काढलं न काढलं तोच माया म्हणाली, “नीलू, बस. तुह्या अहवालात चूक आहे. दोन्ही दगड खरे आहेत.”

तिने सगळं सांगितलं. फळा, सावन, शेतकरी, लोकांचं हसणं. नीलिमा ऐकत होती. मग तिचा चेहरा लाल झाला.

“तुमने कल पढ़ा था. कल! और आज शाम को बता रही हो?”

“मले वाटलं तुह्यी नोकरी…”

“मेरी नौकरी! आई, सुबह पत्थर टूट जाता. फिर किसी दिन मुझे पता चलता कि तुम्हें मालूम था. तब मैं क्या करती?”

नीलिमा आत गेली. मायाला दाराआडून तिचा आवाज येत होता. फोनवर ती अनिमेष सरांना सकाळी साइटवर या म्हणत होती, कारण विचारू नका म्हणत होती. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. “कल तुम भी चलना,” एवढंच म्हणाली.

“मी येऊन काय करू? लोक म्हणतील मायले घेऊन आली.”

“तो? लेकर ही तो आ रही हूँ.”

मंगळवारी सकाळी आठला मिस्त्री घण टेकवून बिडी ओढत बसले होते. लोकेश साहेब आले. अनिमेष सर आले, चेहऱ्यावर आठ्या घेऊन. नीलिमा त्यांच्यासमोर उभी राहिली. मायाला वाटलं आता ही गोल गोल बोलेल, नवी माहिती मिळाली वगैरे म्हणेल. पण नीलिमाने तसलं काही केलं नाही.

“सर, रिपोर्ट का आखिरी पन्ना गलत है. गलती मेरी है. मैंने एक ही पंचांग देखा. मराठी वाला पत्थर भी सही है.”

“दोनों सही कैसे होंगे?” अनिमेष सर म्हणाले. “एक माघ है, एक फाल्गुन. पूरे महीने का फर्क है.”

नीलिमाने आईकडे पाहिलं. समोर साहेब लोक, मागे मिस्त्री, रस्त्यावर दोन-चार बघे. एवढ्या लोकांसमोर ती आयुष्यात बोलली नव्हती, ती लिहायची. पण लोकेश साहेबांकडे बघताना तिला एकदम वाट सापडली.

“साहब, आपके गाँव में पोरा कब मनाते हैं?”

लोकेश साहेब गोंधळले. “पोरा? भादो अमावस को. क्यों दीदी?”

“हमारे यहाँ सावन अमावस को. पंचांग में ऐसा ही लिखा है. तो बताइए, रायपुर में बैल दो बार सजते हैं क्या?”

मिस्त्र्यांपैकी एक जण खो-खो हसला. “नइ दीदी, एके बार सजथे!”

लोकेश साहेबही हसू लागले. “अरे हाँ! मेरा रूममेट नागपुर का था. हर साल झगड़ता था कि महीना गलत बोलते हो, और छुट्टी दोनों एक ही दिन लेते थे.”

मग मायाने बोटांवर पंधरवडे मोजून दाखवले. वार एक, पंचमी एक, पक्ष एक. नाव तेवढं वेगळं. अनिमेष सरांनी मोबाइलवर मराठी पंचांग काढून तीच तारीख घातली. माघ वद्य पंचमी. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि दोन्ही दगडांवरचे महिने पुन्हा वाचले.

“ठीक है,” ते म्हणाले. “पर रैंप तो चाहिए. अब कौन सा खंभा तोड़ूँ?”

“कोई नहीं,” माया म्हणाली. आता तिला भीती वाटेनाशी झाली होती. “तिजोरी कहाँ से अंदर गई थी, वो देखा क्या?”

तिने सगळ्यांना दफ्तरात नेलं. दोन कपाटं सरकवायला चार माणसं लागली. मागे सागवानाचं दार होतं, बैलगाडीच्या रुंदीचं, गल्लीकडे उघडणारं, उंबरठा जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. अनिमेष सरांनी टेप काढली, मोजलं, पुन्हा मोजलं. नीलिमाच्या अहवालात या तिजोरीची एक ओळ होती. दार कुठे आहे ते तिने शोधलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. हे दोघांच्याही लक्षात आलं असावं, कारण सरांचा सूर थोडा उतरला.

“रिपोर्ट वापस लो. नया लिखो,” ते नीलिमाला म्हणाले. “जानकारी किससे मिली, वहाँ इनका पूरा नाम लिखना. और पक्की करने की बात अब तीन महीने बाद करेंगे.”

“जी सर,” नीलिमा म्हणाली. मान खाली नव्हती.

तीन महिने! मायाने मनात दिवस मोजले. आणि त्याच वेळी, ताठ उभ्या असलेल्या त्या पोरीकडे बघून, तिला आपल्या बापाची फार आठवण आली.

मिस्त्री घण उचलून गल्लीकडे गेले. साहेब लोक आत गेले. दारात दोघीच उरल्या. मायाने पदराचं टोक ओठांनी ओलं केलं आणि फुली पुसू लागली. गेरू पसरला, जाईना.

“ऐसे नहीं जाएगा,” नीलिमा म्हणाली. तिने बॅगेतून पाण्याची बाटली आणि गळ्यातली ओढणी काढली. दोघींनी मिळून घासलं. अक्षरांच्या खाचांत लालसर थोडं उरलंच, तेवढं राहू दिलं.

मग नीलिमा दार ओलांडून उजवीकडच्या खांबाशी गेली आणि ओढणीचं कोरडं टोक भिजवू लागली.

“त्याच्यावर काही नाही ना वो,” माया म्हणाली.

“माहीत आहे,” नीलिमा मराठीत म्हणाली. “पण आज त्याचा नंबर दुसरा ना?”